त्र्याऐंशी वाचकांची जबाबदारी

आमच्या कॉलेजात मी नीतिशास्त्र शिकवतो. वर्गात चार मुलं आली तर शिकवतो, तीन आली तर हजेरी घेऊन सोडून देतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण नीतिशास्त्राच्या माणसाला दुसरं काही काम नसतं असा आमच्या प्राचार्यांचा ठाम समज आहे आणि पुढचं सगळं महाभारत त्या समजातूनच घडलं.

एका मंगळवारी प्राचार्यांनी मला बोलावलं. टेबलावर एक अर्ज होता. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला एक मुलगी होती, तिला दिसत नव्हतं. बाकीच्या विषयांची पुस्तकं तिचा कॉम्प्युटर तिला वाचून दाखवायचा आणि परीक्षेत उत्तरंही ती स्वतःच टाइप करायची. पण एका पेपरची चार पुस्तकं इतकी जुनी, वाकडी छापलेली आणि तक्त्या-आलेखांनी भरलेली होती की ती वाचताना कॉम्प्युटरला उचकी लागायची. ग्रंथालयात पुस्तकं परत घेणाऱ्या काउंटरवरच्या बाई जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास तिला वाचून दाखवत होत्या. पण त्या वेगानं चौथं पुस्तक पुढच्या वर्षी संपलं असतं आणि परीक्षा दहा आठवड्यांवर होती. म्हणून तिनं मागितलं होतं: पाच-सहा वाचणारे, रोज तासभर. अर्ज साडेचार ओळींचा होता. इतका छोटा अर्ज आमच्याकडे संशयास्पद मानला जातो.

"पोरं गोळा करा," प्राचार्य म्हणाले. "पण जबाबदारीनं बरं का. मागच्या वेळचं लक्षात आहे ना?"

होतं. मागच्या वेळी बागेसाठी स्वयंसेवक गोळा केले होते. त्यातल्या चाळीस जणांनी एकाच दिवशी एकाच झाडाला पाणी घातलं, कारण त्या झाडापाशी फोटो चांगले येत होते. झाड कुजलं. पाणी तळघरात परीक्षा विभागात शिरलं. रसायनशास्त्राचे सर त्या उपक्रमाचे प्रमुख होते. ते अजून जिना उतरताना खाली बघून उतरतात.

आता मी काय रसायनशास्त्राचा माणूस आहे? मी मनाशी म्हटलं, जबाबदारी म्हणजे काय ते या कॉलेजला एकदा दाखवून देऊ.

अर्जदार मुलगी बाहेरच्या बाकावर बसली होती. मी माझी ओळख करून दिली.

"सर, लवकर होईल ना?" ती म्हणाली. "या पेपरात साठ मिळाले तर मला पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळतोय, वसतिगृहासकट. नाही मिळाले तर घरी. दादाच्या दुकानात फोन उचलायचा. दादानं खुर्चीसुद्धा आणून ठेवलीये."

"तू निश्चिंत राहा," मी म्हणालो. हे वाक्य मी पुढच्या सात आठवड्यांत तिला अकरा वेळा म्हणालो.

घरी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "एक मुलगी, चार पुस्तकं. तिला दुपारी इकडे घेऊन या की. मी वाचून दाखवते."

"तुला कळत नाही," मी म्हणालो. "तू माझी बायको आहेस. हितसंबंधांचा प्रश्न येतो."

"वाचायला कसले आलेत हितसंबंध?"

बायकांना तत्त्वाचा मुद्दा समजावून सांगण्यात अर्थ नसतो असं माझं तेव्हा मत होतं. आता नाही. म्हणजे मत आहे, पण घरात बोलून दाखवत नाही.

तेवढ्यात शेजारचे काका आले. हे काका विमा कंपनीतून निवृत्त झालेत आणि सगळ्या इमारतीत 'काही-झालं-तर काका' म्हणून ओळखले जातात. कुणी नवी सायकल घेतली, की हे खाली उतरून ब्रेक दाबून बघतात आणि म्हणतात, उद्या काही झालं तर? त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि डोळे मिटले.

"वाचणाऱ्यानं चुकीचं वाचलं तर?"

"म्हणजे?"

"पाच टक्के आहे, त्यानं वाचलं पन्नास. तिनं लिहिलं पन्नास. नापास. जबाबदार कोण? तुम्ही! बरं, वाचता वाचता एखाद्याचा घसा बसला तर? जबाबदार कोण? पुस्तक पायावर पडलं तर?"

"पुस्तकं तशी जाड आहेत," मी कबूल केलं.

"बघा!" काका म्हणाले आणि समाधानानं चहा प्यायले.

त्या आठवड्यात मी 'वाचक स्वयंसेवक संहिता' लिहिली. पानं चौदा. मला अजूनही वाटतं की भाषा म्हणून ती उत्तम उतरली होती. तिच्यात वाचकाची कर्तव्यं होती, घशाची काळजी होती, पुस्तक दोन्ही हातांनी धरण्याबद्दल एक कलम होतं. नोंदणी झाल्याशिवाय, प्रशिक्षण घेतल्याशिवाय आणि शपथ घेतल्याशिवाय कुणीही त्या मुलीला एक ओळही वाचून दाखवायची नाही, हे ठळक अक्षरांत होतं. उपक्रमासाठी दिलेला प्रत्येक तास मोजला जाईल आणि तीस तास पूर्ण होताच प्रमाणपत्र मिळेल, हे पान नऊवर होतं. कागदोपत्री त्या मुलीला काय म्हणायचं असा प्रश्न आला, तेव्हा मी 'लाभार्थी' हा शब्द ठरवला. तिला संहिता वाचून दाखवली. तेवढं वाचन मी स्वतः केलं. नीट ऐकून घेऊन ती म्हणाली, "सर, आधी लाभ होऊ दे. मग लाभार्थी म्हणा."

नव्या पिढीला परिभाषेची कदर नाही.

सूचना लागली आणि त्र्याऐंशी अर्ज आले. मी भारावून गेलो. त्र्याऐंशी! लोक उगाच म्हणतात की तरुण पिढी आपमतलबी झालीये. मग मुलाखती सुरू झाल्या आणि कळलं की लोक उगाच म्हणत नाहीत.

पहिल्यानं विचारलं, प्रमाणपत्रावर कॉलेजचा शिक्का रंगीत असेल का? दुसरा म्हणाला, मला वाचायचा कंटाळा आहे, पण मी वाचणाऱ्यांचा प्रमुख होऊ शकतो. असे प्रमुख व्हायला तयार असलेले एकोणीस निघाले. एक मुलगा नाटकात कामं करायचा. त्यानं महागाईच्या निर्देशांकाचा तक्ता असा वाचला की शेवटच्या आकड्याला त्याचा आवाज फुटला आणि डोळ्यांत पाणी आलं. एक मुलगा आणि एक मुलगी म्हणाले, आम्ही जोडीनंच वाचू, कोपऱ्यातली खोली द्या. एकजण इतका प्रामाणिक होता की स्वल्पविराम आला की "स्वल्पविराम" म्हणायचा. शेवटी मी सगळ्यांनाच घेतलं, कारण नाकारलेल्यांसाठी नकाराचं कारण देणारा वेगळा फॉर्म संहितेत होता आणि तो मलाच भरायचा होता.

चौऱ्याऐंशीवा अर्ज काउंटरवरच्या बाईंचा होता. आमच्या कार्यालयीन अधीक्षकांनी तो माझ्यासमोर धरला. हे अधीक्षक म्हणजे नियमावर जगणारा माणूस. भूक लागली तरी ते आधी घड्याळ बघतात.

"वर्गाच्या रकान्यात यांनी 'काउंटर' लिहिलंय," ते म्हणाले. "तुमच्या संहितेत स्वयंसेवक म्हणजे या कॉलेजचा विद्यार्थी. पान दोन."

"पण त्या तर आधीपासून वाचतायत."

"तेच म्हणतोय. आता ते अनधिकृत झालं. बंद करावं लागेल."

मी नियम लिहिणारा माणूस. मीच कसा मोडू? मी बाईंना समजावून सांगायला गेलो. त्यांनी पुस्तकात खूण घातली, पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "सत्तेचाळिसाव्या पानावर आहोत. तुमच्या लोकांना सांगा, तिथून पुढे घ्या."

माझे लोक त्या पुस्तकाच्या जवळपासही नव्हते. पहिला आठवडा संहितेनं खाल्ला होता, दुसरा मुलाखतींनी. आता बिल्ले. बिल्ल्यासाठी फोटो, फोटोसाठी रांग. बिल्ल्याचा रंग कुठला यावर अधीक्षकांनी दोन बैठका घेतल्या, कारण हिरवा प्रयोगशाळेचा होता, निळा वाहनतळाचा आणि लाल दिसला की लोक उगाच घाबरतात. शेवटी राखाडी ठरला. मग बिल्ला डावीकडे लावायचा की उजवीकडे, हा प्रश्न मी मुलांच्या विवेकबुद्धीवर सोडला. त्यावर अधीक्षक दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

प्रशिक्षणाला बाहेरून तज्ज्ञ येणार होते, ते आलेच नाहीत. मग बारा तासांचं प्रशिक्षण मी एकट्यानं दिलं. 'वाचनाची नैतिकता' या विषयावर मी बोललो आणि सांगायला हरकत नाही, चांगला बोललो. वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर चारपेक्षा जास्त माणसं बसली होती. त्या बारा तासांतला निम्मा वेळ मी उपक्रमासाठी दिला आणि निम्मा स्वतःसाठी, हे आता कबूल करून टाकतो.

मुलगी दर सोमवारी यायची. दाराशी उभी राहून विचारायची, "सर, सुरू झालं?"

"प्रक्रिया सुरू झालीये."

"वाचन?"

"प्रक्रियेत आहे."

पाचव्या सोमवारी ती म्हणाली, "सर, मी एक विचारू? यातल्या कुणाला मी अजून भेटलेच नाहीये. त्यांना माहितीये ना, मी आहे म्हणून?"

मी हसलो. पोरीचा स्वभाव विनोदी आहे असं मला वाटलं.

सातव्या शुक्रवारी उद्घाटन झालं. प्राचार्य पन्नास मिनिटं बोलले. अधीक्षकांनी संहितेच्या पानांची संख्या जाहीर केली. लाभार्थीला मंचावर बसवून पुष्पगुच्छ दिला आणि त्र्याऐंशी राखाडी बिल्ल्यांनी एकसाथ शपथ घेतली, त्या आवाजानं माझ्या अंगावर काटा आला. चार तास कार्यक्रम चालला. खाली उतरताना तिच्या हाताला मी आधार द्यायला गेलो. ती हळूच म्हणाली, "सर, चार तासांत चाळीस पानं झाली असती." मी ते कार्यक्रमाच्या गडबडीत ऐकू न आल्यासारखं केलं.

सोमवारी अकरा वाजता वाचन सुरू व्हायचं होतं. खोली झाडून ठेवली होती, पाण्याचे पेले घशाच्या कलमाप्रमाणे मांडले होते, चारही पुस्तकं टेबलावर होती. मुलगी पावणेअकरालाच येऊन बसली. अकरा वाजले. सव्वाअकरा वाजले. मी दोनदा जिन्यापर्यंत जाऊन आलो. साडेअकराला मी त्या नाटकवाल्याला कँटीनमध्ये गाठलं.

"अरे, वाचायला नाही का यायचं?"

"झालं ना, सर!" तो प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाला. "शुक्रवारी प्रमाणपत्र मिळालं. थँक यू, सर. शिक्का रंगीत आहे."

मी तसाच अधीक्षकांकडे धावलो. त्यांनी रजिस्टर उघडलं आणि बोट ठेवून वाचायला लागले. "परिचय सभा दोन तास. मुलाखत एक. फोटोची रांग दोन. प्रशिक्षण बारा. बैठकव्यवस्थेची चर्चा तीन. शपथेचा सराव दोन. उद्घाटनाची तालीम चार. उद्घाटन चार. एकूण तीस. तीस तास पूर्ण होताच प्रमाणपत्र. पान नऊ."

"अहो, पण एकानंही एक ओळ वाचलेली नाही!"

"वाचनाचे तास वेगळे मोजावेत असं कुठे लिहिलंय? तुम्हीच लिहिलंय, 'उपक्रमासाठी दिलेला प्रत्येक तास'." त्यांनी रजिस्टर मिटलं. "त्र्याऐंशीपैकी त्र्याऐंशी पूर्ण. असा निकाल या कॉलेजात कुठल्याच विषयाचा लागलेला नाही. अभिनंदन, सर."

त्या क्षणी मला रसायनशास्त्राच्या सरांबद्दल एकदम आपुलकी वाटली. त्यांनी निदान झाडाला पाणी तरी घातलं होतं.

मी खोलीत परत गेलो. ती तशीच बसली होती, हात पुस्तकावर ठेवून. मी काय झालं ते सांगितलं. रडेल, ओरडेल असं वाटलं होतं. तिनं चारही पुस्तकं एकावर एक रचली. मग म्हणाली, "तीन आठवडे राहिले, सर. दादाला फोन करून सांगते, खुर्ची बदलून जरा बरी घे."

मला लाज वाटली. अगदी सरळ, साधी लाज. नीतिशास्त्रात तिच्यावर माझं एक आख्खं व्याख्यान आहे, पण ती पोटात कुठे दुखते हे त्यात नाही.

"मी वाचतो," मी म्हणालो आणि पुस्तक उघडलं. दोन्ही हातांनी.

मी वाईट वाचतो, हे मला त्या दिवशी कळलं. दर परिच्छेदाला मला लेखकाशी वाद घालावासा वाटायचा आणि मी घालायचो.

"सर, त्याला बोलू द्या ना," ती म्हणायची.

मग आलेख आला.

"आकृती तीन," मी म्हणालो. "एक रेघ आहे. ती जाते."

"कुठे जाते?"

"वर. म्हणजे तशी वर. पण पूर्णपणे नाही."

"किती? कुठून? किती वर्षांत?"

"हे बघ, त्यामागचा विचार महत्त्वाचा."

"सर, परीक्षेत रेघ विचारतात," ती म्हणाली.

तासाभरात चार पानं झाली. मी गुपचूप उठून ग्रंथालयात गेलो आणि काउंटरवरच्या बाईंसमोर उभा राहिलो. माफी मागायची मला सवय नाही, त्यामुळे ती मागायला बराच वेळ लागला. बाईंनी माझी माफी ऐकत ऐकत सात पुस्तकं परत घेतली आणि शेवटी म्हणाल्या, "चला." पण खोलीच्या दाराशी अधीक्षक उभे. वाचकाचा बिल्ला कुठे आहे? नाही? मग आत जाता येणार नाही. मी म्हणालो, नियम मी केलाय, मीच रद्द करतो. ते म्हणाले, रद्द करायला प्राचार्यांची सही लागते. पान तेरा.

प्राचार्य मात्र आनंदात होते. "सर, तुमची संहिता कॉलेजचा दर्जा ठरवणाऱ्या पाहणी समितीला पाठवलीये! महिन्याभरात समिती येतेय. आता तिच्यात एक अक्षर बदलायचं नाही."

"पण वाचन—"

"वाचन काय हो, होत राहील."

त्या संध्याकाळी मी घरी जाऊन मान खाली घालून बसलो. बायकोनं खोदून खोदून सगळं विचारून घेतलं. मला वाटलं, आता ती म्हणेल, मी सांगितलं होतं. ती म्हणाली नाही, ते जास्त लागलं. तिनं फोन उचलला आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या पुढच्या खोलीत वाचन सुरू झालं. दुपारी बायको, पाचनंतर काउंटरवरच्या बाई. बिल्ला नाही, शपथ नाही, रजिस्टर नाही. दोघी भराभर, स्वच्छ वाचायच्या. आलेखांपाशी मात्र त्या दोघीही अडायच्या.

तिसऱ्या दिवशी काही-झालं-तर काका डोकावले. मी म्हटलं, आता आली का पंचाईत. काकांनी बायकोच्या खांद्यावरून पुस्तकात पाहिलं आणि म्हणाले, "हे असं नाही वाचत. सरका." आणि बसले. या माणसानं चौतीस वर्षं कोण कधी मरणार याचे तक्ते वाचले होते, हे मी साफ विसरलो होतो.

"हं, लिहून घे पोरी. रेघ डाव्या कोपऱ्यातून निघते, बारावर. दहा वर्षं चढते, बिचाऱ्याला दम लागतो, अठरावर थांबते. तीन वर्षं सपाट. मग धाडकन अकरावर. का पडली ते खाली टीपेत आहे, वाचतो."

"काका, तुम्ही रोज याल?" मुलीनं विचारलं. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा काही झालं तर असं न विचारता हो म्हटलं.

मला त्यांनी चहा करायचं काम दिलं. तेही देखरेखीखाली.

चारही पुस्तकं परीक्षेच्या दोन दिवस आधी संपली. परीक्षा झाली. निकालाची वाट बघत असतानाच पाहणी समिती येऊन थडकली. तिघे जण, तिघांच्या हातात संहितेची एकेक प्रत. प्रमुख बाईंनी आल्या आल्या सांगितलं, आम्हाला लाभार्थीशी बोलायचंय.

मुलीला बोलावलं. मी भिंतीला टेकून उभा होतो. प्राचार्यांच्या कपाळावर घाम होता. अधीक्षक रजिस्टर उराशी धरून उभे होते. तिनं खरं सांगितलं असतं तर माझी वीस वर्षांची नोकरी, माझी लायकी, सगळं तिथेच उघडं पडलं असतं. आणि माझी तिच्या तोंडून ते ऐकायची तयारीही होती. खरंच होती. भिंत मात्र मी सोडली नाही.

"किती स्वयंसेवक होते?" प्रमुख बाईंनी विचारलं.

"त्र्याऐंशी," ती म्हणाली.

"वाचताना त्यांच्या काही चुका झाल्या?"

"एकाही स्वयंसेवकाची वाचताना एकही चूक झाली नाही, मॅडम."

"कुणी चुकीचा आकडा सांगितला, कुणी पान गाळलं, असं?"

"कधीच नाही."

"कुणाची वागणूक खटकली?"

"त्यांचा मला कणभरही त्रास झाला नाही. ते आहेत हे मला जाणवलंसुद्धा नाही."

तिन्ही पेनं भराभर चालली. समितीनं शेरा लिहिला की चुकांचं प्रमाण शून्य, अनुकरणीय. प्राचार्यांनी माझी पाठ थोपटली आणि ही संहिता इतर कॉलेजांनीही घ्यावी अशी शिफारस झाली. चार दिवसांनी निकाल लागला. तिला एकाहत्तर मिळाले. वसतिगृहाचं पत्र आलं.

ती गुणपत्रिकेची मूळ प्रत घ्यायला आली, तेव्हा मी तिला व्हरांड्यात गाठलं. म्हणालो, "तू त्या दिवशी मला वाचवलंस. मी तुझे दहातले सात आठवडे खाल्ले आणि तू मला वाचवलंस. मी राजीनामा लिहिलाय. या उपक्रमाचा. दुसरा कुणीतरी चांगला माणूस घेईल."

"छे हो, सर!" ती घाईनं म्हणाली. "राजीनामा कसला देताय? पुढच्या वर्षी माझ्यासारखी अजून दोघं येणारेत पहिल्या वर्षाला. नवा माणूस आला की तो नवी संहिता लिहिणार. मुलाखती घेणार. त्या दोघांचे सात आठवडे जाणार." तिनं पिशवी खांद्यावर नीट केली. "तुमचं ते सगळं करून झालंय. तुम्हीच राहा."